ताकद कापसाची, भाव वजनाचा



पिठाच्या गिरणीचा जुना पट्टा तुटला की तो कुणी फेकून देत नाही. कुणी गोठ्याच्या फाटकाला बिजागरी म्हणून ठोकतो, कुणी वहाणेच्या तळाला लावतो. असाच एक जुना तुकडा आम्ही विळ्याने चिरून पाहिला. वरून काळे रबर. आत एकावर एक चार पदर कापडाचे. कापडाचा एक धागा उपसला आणि त्याला काडी लावली. कागद जळावा तसा तो जळाला आणि बोटावर मऊ राख राहिली. नायलॉन असता तर वितळून त्याची गोळी झाली असती. म्हणजे तो कापूस होता.

रबराचा गुण ताणण्याचा. नुसत्या रबराचा पट्टा केला तर तो चाकावर लांबत जाईल आणि जाते फिरणारच नाही. ओढ सोसतो तो आतला धागा. पट्ट्याचे खरे, तसेच पाण्याच्या जाड नळीचे, तसेच टायरचे. रबर वारा-पाणी अडवते, जमिनीची घासण सोसते. भार मात्र पोटातला दोरा वाहतो. नाव रबराचे आणि काम दोऱ्याचे. अर्धशतकाहून अधिक काळ हा दोरा मुख्यतः कापसाचा होता.

या दोऱ्याची गोष्ट आम्ही आज सांगणार आहोत. विज्ञानाची गंमत म्हणून नव्हे, तर तिच्यात आपल्या पट्टीवरचा एक न लिहिलेला रकाना सापडतो म्हणून.

रबराच्या पोटात कापूस

१८८८ साली आयर्लंडमधील बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप नावाचा गुरांचा डॉक्टर होता. पोराची तीनचाकी सायकल दगडी रस्त्यावर हिसके खाते म्हणून त्याने रबराची नळी करून तिच्यात हवा भरली आणि ती चाकाला बसवली. हवेने नळी फुगून फुटू नये म्हणून तिच्याभोवती कापड गुंडाळले. ते कापड लिननचे होते. लिनन म्हणजे आपल्या जवसाचीच जात, बियांऐवजी सालीतल्या धाग्यासाठी वाढवलेली. पुढे मोटारी आल्या, मागणी वाढली आणि लिननच्या जागी कापसाचे जाड कापड आले.

पण या कापडात एक खोट होती. कापड उभ्या-आडव्या धाग्यांचे. टायर दर फेऱ्याला दबतो आणि उठतो. तसा उभा धागा आडव्या धाग्यावर घासतो. करवत चालावी तसे दोन्ही धागे एकमेकांना कापत जातात. म्हणून कारखानदारांनी आडवा धागा जवळजवळ काढूनच टाकला. सगळे दोरे एका दिशेने शेजारी-शेजारी ठेवले, मध्ये रबर भरले आणि त्यावर दुसरा थर तिरका टाकला. दोऱ्याला दोरा लागेनासा झाला. टायर जास्त टिकू लागले.

हा दोरा कसा वळत, ते आपल्याला सांगायला नको. चऱ्हाट वळणाऱ्याला ते आपोआप कळते. २३ नंबरच्या सुताचे पाच धागे एकत्र पिळून एक पेड करायचा आणि असे तीन पेड उलट्या पिळाने एकत्र वळायचे. पंधरा सुतांचा एक दोरा. टायरच्या दोऱ्याची ही एक ठरलेली रीत होती.

आखूड तंतू पिळातून लवकर निसटतो, लांब तंतू धरून राहतो. म्हणून सुरुवातीला टायरवाल्यांना लांब धाग्याचाच कापूस लागे. इजिप्तचा, अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या बेटांतला सी आयलंड जातीचा, आणि नंतर अ‍ॅरिझोनाचा पिमा. आपला आखूड धाग्याचा देशी कापूस या कामाला बसत नव्हता, हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे.

सोडा, पाणी आणि ताण

दोरा वळून झाला की काम संपत नाही. त्याची ताकद वाढवण्याच्या युक्त्या पुढे सुरू होतात. त्या समजून घेण्यासारख्या आहेत, कारण आपण जे पिकवतो त्याच्या पोटात काय दडले आहे ते त्यांतून कळते.

पहिली युक्ती कॉस्टिक सोड्याची. इंग्लंडच्या लँकेशायरमध्ये जॉन मर्सर नावाचा माणूस होता. लहानपणीच गिरणीच्या कामाला लागला, शाळेत गेला नाही, रसायनशास्त्र स्वतःच शिकला. १८४४ च्या सुमारास त्याच्या ध्यानात आले, की कडक सोड्याच्या पाण्यात सुती कापड बुडवले तर ते आकसते, जाड होते आणि जास्त मजबूत होते. १८५० मध्ये त्याने त्याचे पेटंट घेतले. कापसाचा तंतू वाळला की चपटा होतो आणि त्याला पीळ पडतो, जणू वाळलेली चवळीची शेंग. सोड्याच्या पाण्यात तो फुगून गोल होतो. पुढे १८९० च्या सुमारास होरेस लो याने यात भर घातली. सोड्यात असतानाच सूत ताणून धरायचे, आकसू द्यायचे नाही. मग मजबुतीबरोबर रेशमासारखी चकाकीही येते. मर्सराइज्ड सूत म्हणून दुकानात मिळते ते हेच. हा घरी करायचा प्रयोग मात्र नव्हे. कॉस्टिकने हात भाजतो, डोळा जातो.

दुसरी युक्ती साध्या पाण्याची. बहुतेक धागे ओले झाले की कमजोर होतात, कापूस ओला झाला की उलट जास्त मजबूत होतो. म्हणून दोरा भिजवायचा, ओला असताना ओढून धरायचा आणि ताणातच वाळवायचा. आतले तंतू दोऱ्याच्या दिशेने सरळ होतात. दोरा बारीक आणि मजबूत होतो आणि नंतर टायरमध्ये फारसा लांबत नाही. लांबणारा दोरा टायरला घातक, कारण टायर फुगत जातो आणि रबराला भेगा पडतात.

तिसरी गोष्ट रबराच्या पकडीची. कापसाच्या दोऱ्यावर तंतूंची बारीक टोके लवेसारखी उभी असतात. रबर त्यांच्यात शिरते आणि घट्ट बसते. दोऱ्याला पातळ रबराचा हात दिला की काम भागे. पुढे जे कृत्रिम धागे आले ते काचेसारखे गुळगुळीत. त्यांना रबर धरीना. त्यासाठी रिसॉर्सिनॉल, फॉर्मल्डिहाइड आणि रबराचा चीक यांचे खास मिश्रण शोधावे लागले. १९३० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीने ते पुढे आणले आणि त्याच घराण्यातली मिश्रणे आजही टायरच्या दोऱ्याला लावली जातात. कापसाला जे निसर्गाने दिले होते, ते इतरांना रसायनाने विकत घ्यावे लागले.

चौथी युक्ती उष्णतेविरुद्धची. कापसाच्या तंतूत सेल्युलोज असते, साधारण ९० टक्क्यांहून जास्त. या सेल्युलोजला दुसरी रसायने जोडली तर त्याचा स्वभाव बदलतो. अ‍ॅसेटिक घराण्यातले रसायन जोडले, किंवा अ‍ॅक्रिलोनायट्राइल जोडले, तर कापूस कुजत नाही आणि उष्णतेतही ताकद जास्त टिकवतो. हे प्रयोग विसाव्या शतकाच्या मध्याला झाले. कापसाला काहीच जमत नव्हते, असे म्हणणारा माणूस कापूस ओळखत नाही.

अ‍ॅरिझोनाच्या शेतकऱ्याने काय भोगले

आता या दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या शेतकऱ्याकडे वळू.

पहिल्या महायुद्धात टायरला मागणी वाढली. त्याच वेळी इंग्रजांनी इजिप्तच्या कापसाच्या निर्यातीवर निर्बंध घातले आणि अमेरिकेतल्या सी आयलंड कापसावर बोंडे पोखरणारा सोंडकिडा पडला. टायरवाल्यांची पंचाईत झाली. १९१६-१७ मध्ये गुडइयर या टायर कंपनीने अ‍ॅरिझोनात सॉल्ट नदीच्या खोऱ्यात हजारो एकर वाळवंटी जमीन घेतली आणि लांब धाग्याचा कापूस लावला. गुडइयर आणि लिचफील्ड पार्क ही गावे त्यातूनच वसली. लिचफील्ड हे कंपनीच्या बड्या अधिकाऱ्याचे नाव.

कंपनीचे पाहून खोऱ्यातले शेतकरीही कापसामागे धावले. भाव चढत गेला. पौंडाला एका डॉलरच्या वर गेला. मग कुणी धीर धरील? लोकांनी लसूणघासाची शेते नांगरून टाकली, दुभती गुरे विकली आणि कुंपणापर्यंत कापूस पेरला. वेचणीसाठी मेक्सिकोहून हजारो मजूर आणले.

१९२० च्या अखेरीस बाजार कोसळला. युद्ध संपले होते, टायरची मागणी बसली, इजिप्तचा कापूस पुन्हा मोकळा झाला. ज्या कापसाला डॉलरच्या वर भाव होता त्याला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाही मिळेना. लसूणघास नाही, गुरे नाहीत, घरात दूध नाही, आणि कापूस अंगावर. मजुरांची मजुरी थकली. परक्या मुलखात अडकलेल्या मजुरांना परत नेण्यासाठी शेवटी मेक्सिकोच्या सरकारला खर्च करावा लागला.

यातली खरी खोच पुढे आहे. दोरा वळण्याचे, ताणण्याचे, रबर भरण्याचे तंत्र सुधारत गेले. तसा टायरला अमेरिकेतला साधा मध्यम धाग्याचा कापूसही चालू लागला. म्हणजे कारखान्यातल्या युक्तीने दोऱ्याची ताकद वाढली आणि उत्तम कापसाला जास्त भाव देण्याची गरज कमी झाली. वाढलेल्या ताकदीचे पैसे कारखान्यात राहिले.

या गोष्टीतून आम्ही एक धडा घेतो. एका कंपनीच्या एका गरजेवर आपले सगळे शिवार बांधू नये. गिऱ्हाइकाला आपले पीक नको असते, त्या पिकातला एखादा गुण हवा असतो. तो गुण दुसरीकडे स्वस्त मिळाला की गिऱ्हाईक तिकडे जाते. आणि ज्याने घराची ज्वारी मोडून, कडबा मोडून, बैल विकून सगळा कापूस केला, त्याच्या हातात भाव पडल्यावर काही उरत नाही. अ‍ॅरिझोनाचा लसूणघास आणि आपला कडबा यांत आम्हाला फरक दिसत नाही.

सुंभ जळाला

धावणारा टायर आतून तापतो. जड मालाच्या ट्रकचा टायर तर पाणी उकळेल इतका तापू शकतो. कापसाच्या अंगात नेहमी थोडा ओलावा असतो, साधारण सात-आठ टक्के. त्या ओलाव्यात त्याची ताकद आहे. टायर तापला की ओलावा उडतो आणि दोरा कमजोर पडतो. नेमके उलटे रेयॉनचे. तो ओला झाला की ढिला पडतो आणि सुका असला की बळकट राहतो.

रेयॉन म्हणजे तरी काय? लाकडाचा लगदा किंवा सरकीवर उरलेली बारीक लव रसायनात विरघळवायची आणि बारीक छिद्रांतून धार काढून त्याचा अखंड धागा करायचा. सेल्युलोज तेच, जे कापसात आहे. फक्त त्याला तंतूच्या लांबीचे बंधन राहिले नाही. १९३० च्या दशकात टायरसाठी मजबूत रेयॉन निघाला. १९४२ मध्ये जपानने मलाया आणि डच ईस्ट इंडीज घेतले, अमेरिकेचे नैसर्गिक रबर तुटले, आणि कृत्रिम रबराचे टायर आले. ते आणखी तापत. सैन्याच्या जड गाड्यांसाठी सरकारने रेयॉनच्या कारखान्यांना बळ दिले. कापूस पिकवणाऱ्या राज्यांच्या प्रतिनिधींनी अमेरिकन काँग्रेसमध्ये त्याविरुद्ध बरीच ओरड केली. पण टायरच्या तापापुढे भाषण चालत नाही. पाठोपाठ नायलॉन आला. १९४७ मध्ये नायलॉनच्या दोऱ्याचे मोटारीचे टायर बाजारात आले आणि १९५० च्या दशकात कापूस अमेरिकेतल्या टायरमधून जवळजवळ बाहेर पडला. १९६२ मध्ये पॉलिएस्टर आला. आपल्याकडेही कल्याणजवळ शहाडला टायरसाठी रेयॉनचा दोरा निघू लागला, पुढे नायलॉनचा जोर झाला. आज कापूस रबराच्या सामानात उरला आहे तो थोड्या जागी, जसे काही व्ही-बेल्टच्या वरच्या आवरणात.

सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, असे आपण म्हणतो. टायरमध्ये सुंभही जळाला आणि पीळही गेला.

यावर आम्ही रडत नाही. नायलॉनला शिव्याही देत नाही. भरल्या ट्रकचा टायर घाटात फुटला तर माणसे मरतात. जो धागा ट्रकवाल्याचा जीव जास्त राखतो तो त्याने घ्यावा. टायरमध्ये कापूसच घाला, अशी सक्ती मागणारे आम्ही नव्हेत. सक्तीने विकलेला माल सक्ती उठली की पडून राहतो.

पण या पराभवातून अमेरिकेच्या कापूसवाल्यांनी जे केले त्याकडे पाहा. १९३८ च्या शेतीकायद्याने तिथे शेतमालाचे नवे उपयोग शोधण्यासाठी चार मोठ्या प्रयोगशाळा निघाल्या. त्यांपैकी न्यू ऑर्लिन्सची प्रयोगशाळा कापसाला वाहिलेली. टायरच्या दोऱ्यावर तिने सुरुवातीलाच काम केले. ती लढाई हातून गेली. पण सेल्युलोजला रसायन जोडण्याची विद्या हातात राहिली. त्याच प्रयोगशाळेत रूथ बेनेरिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कापसाच्या रेणूंना एकमेकांशी सांधून सुरकुती न पडणारे सुती कापड शक्य केले. पॉलिएस्टरच्या शर्टाने कापसाला पार गिळले नाही, यात या कामाचा वाटा आहे. एक बाजार गेला, तर तीच विद्या दुसऱ्या बाजारात उपयोगी आली.

आपल्या पट्टीवर ताकदीचा रकाना नाही

आता आपल्या आवारात येऊ.

आपल्याकडे विद्या नव्हती असे नाही. मुंबईला माटुंग्यात १९२४ पासून कापसाची तांत्रिक प्रयोगशाळा आहे. पूर्वी ती भारतीय मध्यवर्ती कापूस समितीची होती, आज भारतीय कृषी संशोधन परिषदेची आहे. नागपूरला १९७६ पासून कापूस संशोधन संस्था आहे. तंतूची ताकद मोजण्याचे प्रेस्ले यंत्र १९४० च्या दशकात आले. ते ज्याच्या नावाने ओळखले जाते तो प्रेस्ले अ‍ॅरिझोना विद्यापीठातला. पिमाने जिथले शेतकरी पोळले त्याच राज्यातून ताकद मोजायचे यंत्र आले. आज एकाच यंत्रावर लांबी, जाडी, ताकद आणि रंग थोड्या वेळात मोजून होतात.

ताकदीचे माप समजायला अवघड नाही. एक किलोमीटर धाग्याचे वजन एक ग्रॅम भरले तर त्याला एक टेक्स म्हणतात. तेवढ्या जाडीला तुटायला २८ ग्रॅम भार लागला तर ताकद २८ ग्रॅम प्रति टेक्स. रुईच्या गाठींचा सौदा होतो तेव्हा कागदावर लांबी लिहितात, मायक्रोनेअर लिहितात, कचरा लिहितात, आणि ताकदही लिहितात. सूतगिरणीला ती पाहिजेच असते. कमजोर कापसाचा धागा चात्यावर तुटतो आणि गिरणी थांबते.

आणि आपली पट्टी? वजन, भाव, हमाली, तोलाई. हमीभावाचे वर्ग पाहा. मध्यम धागा, लांब धागा, म्हणजे लांबी आणि मायक्रोनेअर यांवर बसवलेले. २०२५-२६ च्या हंगामाला मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल असा हमीभाव जाहीर झाला. ताकदीला त्यात वेगळी जागा नाही. व्यापाऱ्याच्या आवारात तर बोलायलाच नको. मूठभर कापूस उचलायचा, दोन बोटांत ओढून पाहायचा, ओलावा जास्त म्हणायचा आणि भाव फोडायचा. १९७२ पासून तीसेक वर्षे एकाधिकार खरेदी चालली. तिथेही प्रत ग्रेडरच्या डोळ्यावर आणि हातावर ठरत होती. सरकार गेले, व्यापारी आला, डोळा तोच राहिला.

म्हणजे गाठीच्या कागदावर ताकदीचा आकडा आहे आणि शेतकऱ्याच्या पट्टीवर नाही. ज्याच्या शेतात ती ताकद तयार झाली, त्यालाच तिचा आकडा माहीत नाही.

हे का होते? आम्हाला एक कारण सगळ्यांत मोठे वाटते. आपण सरकीसकट कापूस विकतो. रुई वेगळी होऊन तिची परीक्षा होण्याआधी माल आपल्या हातातून गेलेला असतो. अमेरिकेचा शेतकरी जिनिंगवाल्याकडून कापूस पिंजून घेतो, पण गाठ त्याची स्वतःची असते. १९९१ पासून तिथल्या सरकारी वर्गवारीत अपलँड कापसाच्या गाठीगाठीचा नमुना यंत्रावर तपासला जातो. सरकारी तारणकर्जाच्या दरात ताकदीप्रमाणे वाढ आणि घटही आहे. तिथल्या शेतकऱ्याला अनुदानही भरपूर मिळते, ती गोष्ट वेगळी. पण अनुदान नसते तरी स्वतःच्या मालाचा आकडा त्याच्या हातात राहिला असता.

आमची मागणी

काही जण विचारतील, रोज शेकडो गाड्या येतात, प्रत्येक गाडीची ताकद कोण मोजणार? प्रत्येक गाडीची मोजा, असे आम्ही म्हणत नाही. एका गावाचा, एका वाणाचा, एका वेच्याचा कापूस एकत्र आला तर त्याचे चार नमुने पुरतात. नमुना छोट्या रेचावर पिंजायचा, रुई तपासायची, आकडा पट्टीवर लिहायचा. यंत्रे आहेत, शिकलेली पोरे आहेत. बाजार समितीची आणि खरेदीदाराची इच्छा नाही.

दुसरे कुणी विचारतील, मोजमाप सुरू झाले आणि आपलाच कापूस कमजोर निघाला तर? तर त्याला भाव कमी मिळेल. हे आम्ही लपवत नाही. आपल्यातल्या काहींना तोटा होईल. फरदडीची कवडी पहिल्या वेच्यात मिसळून खपवायची सवय मोडावी लागेल. बाजाराकडून न्याय मागायचा तर बाजाराची परीक्षाही दिली पाहिजे. आज मात्र चांगला माल आणणारा आणि मिसळून आणणारा दोघे एकाच भावात जातात. यात चांगल्या मालाची चोरी आहे.

ताकदीचा मोठा भाग बियाण्यातच ठरतो. लांबी आणि जाडी यांवर पावसाचा, ओलीचा परिणाम होतो. ताकद मुख्यतः वाणाची. मग बियाण्याच्या पाकिटावर बोंडाचे चित्र आणि उताऱ्याची फुशारकी असते, तिथे तंतूची ताकद का नको? पाकिटाचे पैसे आपण देतो. त्यात काय आहे ते विचारायचा हक्क आपला आहे.

या जिल्हा बैठकीत आम्ही चार गोष्टी मांडत आहोत. त्यांवर चर्चा व्हावी, विरोध असेल त्याने उभे राहून बोलावे.

एक, बाजार समितीत आणि सरकारी खरेदी केंद्रावर ढिगाच्या नमुन्याची तंतूपरीक्षा व्हावी आणि लांबी, मायक्रोनेअर, ताकद हे तीन आकडे शेतकऱ्याच्या पट्टीवर लिहून मिळावेत. ताकदीप्रमाणे भावात वाढ-घट धरावी.

दोन, बियाण्याच्या पाकिटावर त्या वाणाच्या तंतूची लांबी आणि ताकद छापणे बंधनकारक करावे. आकडा खोटा निघाला तर भरपाईची तरतूद असावी.

तीन, प्रत्येक तालुक्यात निदान एका गावाने पुढच्या हंगामात एकच वाण लावावा, वेचे वेगळे ठेवावेत, आणि थोडा का होईना, पण स्वतःच्या नावाने कापूस पिंजून गाठी करून विकून पाहावा. सगळा कापूस नको. घरात पैशाची नड असते, सावकार दारात असतो, हे आम्ही जाणतो. दहा जणांचे दोन-दोन क्विंटल आले तर तेवढ्यावर हिशेब कळेल. सरकीचे पैसे किती, रुईचे किती, पिंजणावळ किती, आणि कापूस तसाच विकला असता तर किती, हे चार आकडे बैठकीपुढे ठेवावेत. तोटा आला तर तोही सांगावा.

चार, कोणती कंपनी खास कापूस लावा म्हणून गावात आली तर भाव, मोजमापाची रीत आणि माल नाकारायच्या अटी लेखी घेतल्याशिवाय एक तासही पेरू नये. आणि लेखी घेतले तरी ज्वारीचा पट्टा मोडू नये. अ‍ॅरिझोनातल्या शेतकऱ्यांनी जे केले ते करायचे नाही.

गिरणीच्या जुन्या पट्ट्याचा तो तुकडा आम्ही बैठकीला घेऊन येत आहोत. ज्याला पाहायचा त्याने चिरून पाहावा, धागा उपसून ओढून पाहावा. इतकी वर्षे जाते ओढूनही तो सहज तुटत नाही. हा कापूस कुणाच्या शेतातला, त्याला किती भाव मिळाला, हे आता कुणी सांगू शकणार नाही. पुढच्या हंगामात आपल्या कापसाबद्दल तसे होऊ नये, एवढ्यासाठी ही बैठक आहे.